चूक म्हणजे गाडी

त्या संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, ४१२ हा आकडा होता. सलग ४१२ दिवस मी जर्मन शिकत होते, एकही खाडा नाही. आणि त्याच संध्याकाळी, जिच्याशी माझा कामानिमित्त नुसता ईमेलचा व्यवहार होता, त्या जर्मन सहकारीणीशी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलायची वेळ आली. जर्मनमध्येच बोलू या, असा हट्ट माझाच. चार महिने ईमेलमधून मी तिला माझी प्रगती कळवत होते, आता माघार कशी घेणार?

पहिली तीन मिनिटं झकास गेली. हवा कशी आहे, काम कसं आहे, वगैरे. मग बोलता बोलता माझी नजर घड्याळाकडे गेली, उगाचच, सवयीनं. तिच्या ते लक्षात आलं. तिनं विचारलं, "हास्ट डू काइनं त्साइट?" तुला वेळ नाहीये का?

मी म्हणाले, "नाइन, नाइन!"

आपण मराठीत म्हणतो तसंच. "वेळ नाहीये का?" "नाही नाही, आहे की!" त्यातलं 'नाही नाही' माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि 'आहे की' जर्मनमध्ये जुळवायला मी आत शब्द शोधत राहिले. तोवर तिकडे निरोपाचं हसू उमटलेलं. जर्मनमध्ये अशा प्रश्नाला नुसतं 'नाइन' म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही, वेळ नाही' असा होतो. तिनं समजूतदारपणे पुन्हा कधीतरी बोलू म्हटलं आणि पडदा काळा झाला. कॉल चार मिनिटांचा. तासभर मोकळा ठेवला होता मी.

मला हवा असलेला शब्द एका अक्षराएवढा होता, 'डॉख'. नकारार्थी प्रश्नाचा नकार खोडून काढायला जर्मन माणूस 'डॉख' म्हणतो. आपलं 'आहे की', 'आलो की', 'सांगितलं की' यातला तो ठसक्याचा 'की', नेमका तोच. अ‍ॅपनं हा शब्द शिकवला नव्हता असं म्हणता येणार नाही. शिकवला होता, मी त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं, गुणही मिळाले होते. फक्त त्याचा अर्थ इंग्रजीतून दिला होता, 'ऑन द कॉन्ट्ररी'. आता मला सांगा, वेळ नाहीये का विचारल्यावर 'ऑन द कॉन्ट्ररी' कोणाच्या डोक्यात येतं?

त्या दिवसानंतर मात्र डॉख मला जिथे तिथे ऐकू यायला लागला. जर्मन पॉडकास्टमध्ये, मुलाखतींत, मुलांच्या भांडणात. आधीही तो तिथेच होता, वर्षभर माझ्या कानांवरून जात होता. रिचर्ड श्मिट नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं ब्राझीलमध्ये पाच महिने राहून पोर्तुगीज शिकताना रोजनिशी ठेवली होती आणि १९८६ साली त्यावर एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहिला. आजूबाजूला जे बोललं जात होतं त्यातलं सगळं काही त्याच्या जिभेवर आलं नाही. ज्या रूपांची नोंद त्यानं रोजनिशीत 'हे आज लक्षात आलं' म्हणून केली होती, तीच पुढे त्याच्या बोलण्यात आली. नुसतं कानावर पडणं पुरत नाही, ते टोचावं लागतं. माझं डॉख चार मिनिटांच्या कॉलमध्ये टोचलं. ४१२ दिवसांत टोचलं नाही.

तेव्हापासून, भांडी घासताना म्हणा किंवा झोप येत नसताना म्हणा, मी मनातल्या मनात एक सॉफ्टवेअर बनवत असते. मला प्रोग्रामिंग येत नाही, त्यामुळे ते फार वेगानं तयार होतं.

आधी, जे आता जवळपास सुटलेलं आहे ते बाजूला ठेवते. शब्द लक्षात राहणं हा प्रश्न. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करून, स्वतःच स्वतःचा उंदीर होऊन, विसरण्याचं मोजमाप केलं आणि १८८५ साली ते पुस्तकरूपात आणलं. पाठ झालेली यादी तासाभरानं पुन्हा पाठ करायला घेतली तर मूळ श्रमांपैकी निम्म्याहून कमी वाचायचे, दिवसानंतर साधारण एक तृतीयांश, आणि महिन्यानंतर एक पंचमांश. म्हणजे पडझड होते ती सुरुवातीलाच, नंतर उतार सौम्य होतो. यावरून उजळणीच्या वेळा ठरवता येतात हे उघड आहे. झेबास्टियान लाइटनर यांनी १९७०च्या दशकात खणांची पेटी सुचवली. आठवलं की कार्ड पुढच्या खणात, विसरलं की परत पहिल्या खणात. पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७मध्ये ते गणित संगणकावर बसवलं, आणि २००६मध्ये आलेलं 'अंकी' हे उजळणीचं सॉफ्टवेअर आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थीसुद्धा वापरतात. (अंकी हा जपानी शब्द आहे, अर्थ पाठांतर. तीन अंकी नाटकाशी काही संबंध नाही, मला सुरुवातीला तसं वाटलं होतं.) हे सगळं माझ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, पोटात, दिसणार नाही असं.

सलग दिवसांचा आकडा मात्र नसेल. रात्री पावणेबाराला, डोळे मिटत असताना, आकडा तुटू नये म्हणून मी सर्वात सोपा धडा उघडायचे, 'मुलगा पाणी पितो' छापाचा, आणि दीड मिनिटात मोकळी व्हायचे. ४१२ पैकी असे दिवस किती होते ते मी मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही.

आता मुख्य गोष्ट. माझं सॉफ्टवेअर पहिला प्रश्न विचारेल तो असा: तू कुठल्या भाषेतून येते आहेस? आणि उत्तर ऐकून ते खरोखरच वेगळं वागेल.

मी जर्मन शिकले ते इंग्रजीच्या दारातून. वर्षभर मला समजावून सांगितलं गेलं की जर्मन ही विचित्र भाषा आहे. तिथे वस्तूंना लिंग असतं, आणि तेही तीन! अरे बाबा, माझ्या भाषेत तो, ती, ते जन्मापासून आहेत. खांब तो, भिंत ती, दार ते. मला लिंग या कल्पनेचं नवल नको होतं, कुठल्या नामाला कुठलं लिंग एवढंच हवं होतं. पुढे आणखी एक धडा आला, 'सावधान, गौण वाक्यात क्रियापद शेवटी फेकलं जातं!' जर्मन म्हणतात, 'वाइल इख म्युडं बिन'. शब्दाला शब्द लावा: कारण, मी, दमलेली, आहे. एकही शब्द हलवावा लागत नाही. मी मात्र ते वाक्य आधी इंग्रजीत नेत होते, तिथे क्रियापद मधे आणत होते आणि मग पुन्हा शेवटी नेऊन ठेवत होते. एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायला गल्लीला वळसा.

आणि 'मला'. जर्मनमध्ये थंडी वाजत असेल तर म्हणायचं 'मीर इस्ट काल्ट'. मीर म्हणजे मला. मराठी माणूस 'मला थंडी वाजते' असंच म्हणतो, थंडी ही माझ्यावर येते, मी थंड होत नाही. पण मी इंग्रजीतून आले असल्यामुळे 'इख बिन काल्ट' म्हणाले, मी थंड आहे. म्हणजे भावनाशून्य बाई. उकडत असताना त्याच चालीवर 'इख बिन हाइस' म्हटलं तर अर्थ आणखी भलतीकडे जातो, आणि तो मी इथे उलगडून सांगणार नाही, सुज्ञांना कळला असेल. मातृभाषेचं बोट धरून गेले असते तर यातलं काही झालं नसतं.

उच्चारातही हेच. जर्मन 'झेड'चा उच्चार समजावताना सांगतात, 'कॅट्स' या इंग्रजी शब्दाचा शेवट आठवा आणि तो शब्दाच्या सुरुवातीला आणा. महिनाभर मी 'ट्' आणि 'स' एकमेकांवर आपटत होते. एके दिवशी रेल्वेगाडीसाठी असलेला शब्द ऐकला. लिहिताना शेवटी 'ग' असतो, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ग कठोर होऊन क होतो, आणि सुरुवातीला तो 'त्स', मधे दीर्घ ऊ. पुन्हा ऐकला. पुन्हा. तो शब्द होता चूक. चमच्यातला, चोरातला, चाकातला तो दातांवरचा च, आणि पुढे ऊक. जर्मनमध्ये चूक म्हणजे गाडी! आपण पोरवयापासून दिवसातून पन्नास वेळा काढतो तो आवाज, आणि मी तो मांजरांच्या शेपटीतून ओढून काढत होते.

अर्थात मातृभाषा दगाही देते, आणि तो कुठे देणार हेही त्या सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक हवं. मराठीत नामाआधी ते डेअर-डी-डास, म्हणजे इंग्रजी 'द'सारखी पण लिंगानुसार बदलणारी उपपदं, लावण्याची सोयच नाही, त्यामुळे मी ते सरळ गाळते. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक जर्मनमध्ये नाही, दोन्हीला 'वीर', त्यामुळे समोरचा मला धरून बोलतोय की वगळून हे मला अजूनही क्षणभर कळत नाही आणि मी हसत राहते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था शिकायला किती वेळ लागतो त्यावरून भाषांची वर्गवारी करते, जर्मनला सुमारे ३६ आठवडे, जपानीला ८८. हे आठवडे इंग्रजी बोलणाऱ्यांचे. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि 'घरात', 'घरून' असे आपण मागून जोडतो तसेच शब्दयोगी तुकडे नामाच्या मागून येतात. लिपी सगळ्यांनाच दमवणार, ते सोडा. पण वाक्यरचनेपुरता आपला ८८ आठवड्यांचा हिशेब वेगळा निघायला हवा की नको?

कानाचं प्रकरण जिभेपेक्षा अवघड आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४चा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या त आणि ट यांना मानाची जागा आहे. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक ऐकू यायचा. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना येईनासा झालेला असायचा. वात आणि वाट यांत गोंधळ होऊ शकतो हे आपल्याला पटतच नाही, पण त्यांच्या कानांनी वर्षाच्या आत ते दार लावून घेतलेलं असतं.

आपल्या कानांनीही लावलेली दारं आहेतच. माझ्या कानाचं दार ऱ्हस्व-दीर्घाचं निघालं. मराठीत पहिली-दुसरी वेलांटी लिहिताना छळते ती का? बोलताना आपण त्या फरकावर अर्थ टांगत नाही म्हणून. जर्मन टांगतात. 'बिटन' म्हणजे विनंती करणं, 'बीटन' म्हणजे देऊ करणं. मला दोन्ही एकच ऐकू यायचं, आणि मागणारा कोण, देणारा कोण, याचा पत्ता लागायचा नाही. यावर उपाय माहीत आहे. १९९१ साली जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतले र आणि ल ऐकायला शिकवण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका स्वच्छ आवाजात तेच शब्द घोकवण्याऐवजी तिथे अनेक माणसांचे आवाज आणि शब्दांतल्या वेगवेगळ्या जागा वापरल्या होत्या, आणि कान सुधारले. माझ्या अ‍ॅपमध्ये एक गोड बाई आणि एक गंभीर पुरुष असे दोनच जण वर्षभर बोलत होते, तेही बातम्या वाचल्यासारखे. खरी माणसं 'हास्ट डू'चं 'हास्टं' करून गिळून टाकतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तोंडात घास असलेले, सर्दी झालेले, पाठ फिरवून बोलणारे, कवळी लावलेले असे सगळे असतील.

मग हल्लीचे बोलणारे चॅटबॉट आहेतच की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि मी त्यांच्याशी जर्मनमध्ये तासन्‌तास गप्पा मारते. माझी तक्रार अशी की त्यांना सगळं कळतं. मी लिंग चुकवते, विभक्ती चुकवते, क्रियापद अर्ध्यावर सोडते, तरी पलीकडून छान, ओघवतं, विषयाला धरून उत्तर येतं, सुरुवातीला वर कौतुकही. मी 'नाइन, नाइन' म्हटलं असतं तर मागचापुढचा संदर्भ पाहून त्यानं ओळखलं असतं की बाईंना वेळ आहे, आणि गप्पा चालू राहिल्या असत्या. मी आयुष्यभर 'नाइन' म्हणत राहिले असते.

माझ्या सॉफ्टवेअरला गैरसमज करून घेता यायला हवा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, त्याचा मुख्य गुण तोच. जिथे माणसाचा गैरसमज होईल तिथे त्याचाही व्हावा, आणि जिथे माणूस चूक सहज सोडून देईल तिथे त्यानंही सोडून द्यावी. जुनी अ‍ॅपं बरोबर याच्या उलट वागतात. एक बिंदू राहिला की लाल, आणि अर्थाचा सत्यानाश झाला तरी तितकंच लाल.

असं पाहा. धडा वगैरे काही नाही, पलीकडे एक शेजारीण आहे असं धरू. मी म्हणते, "इख बिन हाइस." ती दोन सेकंद गप्प. मग, किंचित वरच्या पट्टीत, "आख झो?" अस्सं? मला कळतं काहीतरी झालंय, पण काय ते कळत नाही. घाम येतो. मी पुन्हा तेच म्हणते, जरा जोरात, आपण सगळेच करतो तसं. ती हसू दाबते. आता कुठे सॉफ्टवेअर मराठीत कानाशी येऊन म्हणतं, "उकडतंय म्हणायचंय ना? मग तुझंच 'मला' वापर." मी चाचपडत म्हणते, "मीर... मीर इस्ट हाइस." आणि शेजारीण, जणू आधीचं काही घडलंच नाही अशा सभ्यपणे, खिडकी उघडते.

इथे एबिंगहाउस आणि लाइटनर पोटातून बाहेर येतात. पेटीच्या खणात शब्द ठेवलेला नाही, माझी ही फजिती ठेवली आहे. तीन दिवसांनी, आम्ही भलत्याच विषयावर बोलत असताना, शेजारीण विचारते, "खिडकी लावू का?" आता मला थंडी वाजतेय हे सांगायचंय आणि 'इख बिन' जिभेच्या टोकावर आहे. जमलं तर पुढची गाठ दोन आठवड्यांनी. नाही जमलं तर उद्याच, आणि शेजारणीचा चेहरा पुन्हा तसाच.

नुसतं सौम्यपणे सुधारून देणंही पुरत नाही, हे वर्गात मोजलेलं आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं निरीक्षण करून १९९७मध्ये लिहिलं की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतःच नीट करून पुन्हा म्हणतात, आणि नेमकी हीच तऱ्हा मुलांच्या सर्वात कमी लक्षात येते. मुलांना वाटतं बाई आपल्याला दुजोराच देताहेत. जिथे मुलाला अडवून 'काय म्हणालास?' विचारलं, तिथे त्यानं स्वतः धडपड केली.

वाचनाबद्दल फार लांबण लावत नाही. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांचा हिशेब असा की इंग्रजी कादंबरी बिनअडखळता वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात, आणि मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. मला कुठले शब्द येतात हे सॉफ्टवेअरला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तेव्हा माझ्या पन्नासात एकाच्या मापाचं काहीतरी रोज समोर ठेवावं. मात्र लहान मुलांच्या गोष्टी नकोत. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, ससा कासवाला काय म्हणाला यात मला रस उरलेला नाही.

एवढं सगळं रचून झालं की शंका येते, मी सॉफ्टवेअर रचतेय की एक चांगली शिक्षिका? अशी शिक्षिका मिळाली तर उत्तमच. पण 'मीर इस्ट' चाळिसाव्यांदा चुकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलेलं आहे. ते कितीही लपवलं तरी दिसतं, आणि मग मी त्या वाक्याच्या वाटेलाच जात नाही, सोपं काहीतरी बोलून वेळ मारून नेते. यंत्रापुढे चाळिसाव्यांदा चुकायला काही वाटत नाही. तेवढी निर्लज्ज जागा मला हवी आहे. आणि पहिल्यांदा चुकताना मात्र थोडी लाज वाटली पाहिजे, शेजारणीला हसू आलं पाहिजे. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भांडी रोज असतातच.

परवा त्या सहकारीणीशी पुन्हा कॉल झाला. ती स्टेशनवर होती, फलाटावर बाकावर बसलेली, मागे कर्ण्यातून अगम्य काहीतरी घोषणा. म्हणाली, तिची गाडी उशिरा आहे. 'त्सूग' हा शब्द आला आणि मला हसू फुटलं. का हसतेस, तिनं विचारलं. आता हे जर्मनमध्ये सांगणं आलं. मी सुरुवात केली: आमच्या भाषेत हा शब्द आहे, अगदी असाच, पण त्याचा अर्थ गाडी नाही. "मग काय?" मी म्हणाले, "डी त्सूग..." आमच्याकडे गाडी ती आणि चूकही ती, दोघींनी मिळून जिभेला ओढलं.

"डेअर," ती म्हणाली. "डेअर त्सूग."

"डेअर त्सूग," मी म्हणाले, "आमच्याकडे म्हणजे हे. तू आत्ता सुधारलंस ते."

तिला एक क्षण लागला. मग ती इतक्या मोठ्यानं हसली की फलाटावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. "आणि तुला," तिनं डोळे पुसत विचारलं, "आज तरी वेळ नाहीये का?"

"डॉख," मी म्हणाले.